४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा काही हजारांत, १२ मेगापिक्सेलचा तीन लाखांत, असं कसं?

ऑनलाइन शॉपिंगच्या साइटवर 'डिजिटल कॅमेरा' सर्च केलं की काही हजार रुपयांचे कॅमेरे धडाधड समोर येतात. मेमरी कार्ड फ्री, पाऊच फ्री आणि मोठ्या अक्षरांत '४८ मेगापिक्सेल'. दुसरीकडे सोनीचा ए७एस ३ हा कॅमेरा. २०२० मध्ये तो आला तेव्हा भारतात त्याची किंमत, तीही लेन्स न धरता, तीन लाखांच्या पुढे होती. त्यात मेगापिक्सेल किती? फक्त १२. तरीही कमी उजेडात शूटिंग करणाऱ्या व्हिडिओग्राफर्समध्ये तो लोकप्रिय झाला.

मग 'जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला कॅमेरा' हे गणित नेमकं कुठं चुकतं?

मेगापिक्सेल म्हणजे नक्की काय?

डिजिटल फोटो म्हणजे बारीक बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळी. यातला एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल आणि असे १० लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. फोटो ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच असेल, तर एकूण पिक्सेल झाले २ कोटी ४० लाख, म्हणजेच २४ मेगापिक्सेल.

थोडक्यात, हा आकडा फोटोत ठिपके किती आहेत एवढंच सांगतो. ते ठिपके किती चांगले भरलेत, हे सांगत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. १२ वरून ४८ मेगापिक्सेलवर गेलं की फोटो चौपट झाल्यासारखा वाटतो. पण १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० चा असतो आणि ४८ चा ८००० × ६००० चा. म्हणजे लांबी-रुंदी वाढली फक्त दुप्पट.

आपल्याला लागतात किती?

हिशेब अगदी सोपा आहे.

- इन्स्टाग्रामवरची १०८० पिक्सेल रुंदीची उभी पोस्ट: साधारण दीड मेगापिक्सेल
- फुल एचडी टीव्ही: साधारण २ मेगापिक्सेल
- ४के टीव्ही: ८.३ मेगापिक्सेल
- अल्बममधली ६ × ४ इंची प्रिंट: सव्वादोन मेगापिक्सेलच्या आत
- ए४ आकाराची प्रिंट: पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास

प्रिंटचे आकडे एका इंचात ३०० पिक्सेल धरून काढलेत, म्हणजे फोटो हातात घेऊन जवळून बघितला तरी तो स्वच्छ दिसेल.

आता तुम्ही म्हणाल, चौकातल्या फ्लेक्सचं काय? २४ मेगापिक्सेलचा फोटो २० फूट रुंद फ्लेक्सवर छापला, तर दर इंचाला २५ पिक्सेल येतात. जवळ जाऊन बघितलं तर ठिपके दिसतील, पण फ्लेक्स बघितला जातो तो रस्त्यावरून. तेवढ्या अंतरावरून २५ पिक्सेल भरपूर होतात.

मग फोटो चांगला येतो कशामुळे?

सगळ्यात आधी सेन्सरच्या आकारामुळे. लेन्समधून आलेला प्रकाश ज्या चिपवर पडतो, तो सेन्सर.

समजा, पावसात अंगणात एक मोठी परात ठेवली आणि शेजारी एक छोटी वाटी. पाऊस सारखाच पडतोय, पण परातीत जास्त पाणी साठणार. सेन्सरचंही तसंच आहे. तो जितका मोठा, तितका जास्त प्रकाश गोळा होतो. प्रकाश कमी पडला की फोटोत दाणे दिसतात, सावलीतले बारकावे जातात आणि रंग मातकट होतात.

फुल फ्रेम सेन्सर साधारण ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला सेन्सर ६.२ × ४.६ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दोघांच्या क्षेत्रफळात सुमारे ३० पटींचा फरक. वाटीत कितीही खण पाडले तरी पाणी वाटीभरच राहणार. छोट्या सेन्सरवर पिक्सेल वाढवले तरी प्रकाश वाढत नाही, तो कारण हेच.

आयफोन हे याचं चांगलं उदाहरण. २०१५ च्या ६एसपासून २०२१ च्या १३ सिरीजपर्यंत ॲपलनं मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलचाच ठेवला. पण ६एसमधला पिक्सेल १.२२ मायक्रोमीटरचा होता आणि १३ प्रोमधला १.९ मायक्रोमीटरचा. क्षेत्रफळात हा फरक जवळपास अडीच पटींचा. सोबतीला लेन्स आणि प्रोसेसिंगही सुधारलं. मेगापिक्सेल तेवढेच राहिले, फोटो मात्र बदलले.

फोनमधले २०० मेगापिक्सेल जातात कुठं?

२०२३ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या गॅलक्सी एस२३ अल्ट्रामध्ये २०० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. पण नेहमीच्या मोडवर काढलेला फोटो मिळतो तो १२ मेगापिक्सेलचा. कारण फोन शेजारशेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक मोठा पिक्सेल बनवतो. याला पिक्सेल बिनिंग म्हणतात. त्यामुळे कमी उजेडातला फोटो जास्त स्वच्छ येतो.

इथं भौतिकशास्त्रही आडवं येतं. या सेन्सरमधला एक पिक्सेल ०.६ मायक्रोमीटरचा आहे आणि हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी आहे ०.५५ मायक्रोमीटरच्या आसपास. प्रकाश लेन्सच्या छिद्रातून जाताना थोडा पसरतोच. त्यामुळे लेन्स अगदी निर्दोष असली तरी एका बिंदूचा ठिपका दोन मायक्रोमीटरहून मोठा पडतो. म्हणजे एक बिंदू एकाच वेळी कित्येक पिक्सेलवर सांडतो. म्हणून भर उन्हात २०० मेगापिक्सेलचा मोड लावल्यावर थोडे जास्त बारकावे मिळतात खरे, पण आकड्यावरून वाटतं तेवढे नाही.

आणि तो स्वस्तातला ४८ मेगापिक्सेल?

अशा अनेक कॅमेऱ्यांमध्ये सेन्सर छोटा आणि कमी मेगापिक्सेलचा असतो. सॉफ्टवेअर दोन पिक्सेलच्या मध्ये अंदाजानं नवे पिक्सेल भरतं आणि फोटो ४८ मेगापिक्सेलचा करून देतं. याला इंटरपोलेशन म्हणतात. फाइल मोठी होते, पण जो बारकावा सेन्सरनं टिपलाच नाही, तो नंतर कुठून येणार?

मग मेगापिक्सेलला काहीच अर्थ नाही का?

आहे ना. भिगवणला लांबवर उभा असलेला फ्लेमिंगो टिपला आणि नंतर फोटो क्रॉप केला, तर मेगापिक्सेल कामी येतात. क्रॉप करताना रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली की २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात आणि १२ चे फक्त ३. जाहिरातीसाठी दागिन्यांचे फोटो काढणं, जवळून बघायची मोठी प्रिंट काढणं, जुन्या चित्रांचं डिजिटायझेशन करणं, अशा कामांत ४५ किंवा ६१ मेगापिक्सेलचे कॅमेरे उपयोगी पडतात. पण त्यांच्यासोबत चांगली लेन्स, मोठी मेमरी कार्डं आणि तगडा कम्प्युटरही घ्यावा लागतो.

मग कॅमेरा घेताना काय बघायचं?

- सेन्सरचा आकार. वेबसाइटवर तो मिलिमीटरमध्ये दिलाच नसेल, तर तिथंच सावध व्हा.
- 'इंटरपोलेटेड' हा शब्द. तो दिसला की मेगापिक्सेलचा आकडा सोडून द्या.
- लेन्स. बजेट ठरलेलं असेल, तर जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीपेक्षा बऱ्या लेन्सवर केलेला खर्च वसूल होतो.
- ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन. फोकस चुकला किंवा हात हलला, तर ६१ मेगापिक्सेलचा फोटोही अस्पष्टच येतो.
- संध्याकाळचे किंवा घरातल्या दिव्याखालचे सॅम्पल फोटो. भर उन्हात जवळपास सगळेच कॅमेरे बरे दिसतात.

लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असोत, यूट्यूब चॅनेल सुरू करायचा असो किंवा ट्रेकचे फोटो काढायचे असोत, २० ते २४ मेगापिक्सेल बहुतेकांना पुरून उरतात. साठवलेले पैसे पहिल्या कॅमेऱ्यात घालणार असाल, तर दुकानदाराला 'किती मेगापिक्सेल?' विचारण्याआधी 'सेन्सर केवढा आहे?' हे विचारा.