फॉर्ममधला तारांकित रकाना

‘आजी सांगते तेच टाकतोय. तीनदा टाकलं. तिन्ही वेळा चुकीचं येतंय. प्लीज काहीतरी करा.’

रोमन अक्षरांतल्या मराठीत लिहिलेलं हे तिकीट माझ्यापुढे आलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. तिकीट म्हणजे आमच्या भाषेत खेळणाऱ्याची तक्रार. पुण्यात बसून एका परदेशी ऑनलाइन गेमच्या मदतकक्षात मी पाच वर्षं अशी तिकिटं सोडवली. मराठीत काही आलं की ते माझ्याच वाट्याला यायचं.

मुलगा सातवीतला. घरच्या कॉम्प्युटरवर खेळणारा, स्वतःचा फोन नसलेला. बाबांच्या नंबरावर थोरल्या भावाचं खातं, आईच्या नंबरावर बहिणीचं. एका नंबरावर एकच खातं, हा आमचा नियम. उरला गावाकडच्या आजीचा बटणांचा फोन. ओटीपी तिच्याकडे जायचा, ती तो कालनिर्णयाच्या कडेला पेन्सिलीने उतरवून घ्यायची, मग नातू फोन लावायचा आणि ती एकेक आकडा वाचून दाखवायची. कोड दहा मिनिटं चालायचा, म्हणजे वेळ पुरेसा होता. तरी दार उघडत नव्हतं.

त्याने तिन्ही वेळचे स्क्रीनशॉट पाठवले होते. ते पाहताना माझ्या लक्षात आलं की तिन्ही कोडांत एक आहे आणि नऊ एकाही कोडात नाही. माझी आजी एसटीच्या पाटीवरचा इंग्रजी नऊ असाच एक म्हणून वाचायची, कारण तो दिसतोच हुबेहूब आपल्या एकासारखा. मी मुलाला लिहिलं, ‘आजीला विचार, तो एक कालनिर्णयातल्या एकासारखा आहे का? तसा असेल तर तिथे नऊ टाक.’ चौथ्या खेपेला त्याला आत जाता आलं. ‘झालं’ एवढंच उत्तर आलं, पुढे उद्गारचिन्हांची रांग.

त्या रात्री मला खूप बरं वाटलं होतं. पण घरी जाताना एक गोष्ट मनातून जाईना. बारा वर्षांच्या मुलाला एक खेळ खेळायला मिळावा म्हणून तिसऱ्या गावातल्या म्हातारीला परीक्षेला बसवायचं, हे ठरवलं कुणी?

ठरवण्यामागे कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. फुकट गेममध्ये फसवेगिरी करणाऱ्याला हाकललं तर तो नवा ईमेल काढून पाच मिनिटांत परत येतो. नवा फोन नंबर मात्र पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. म्हणून ‘डोटा २’ने २०१७ साली रँक्ड सामन्यांसाठी फोन नंबर सक्तीचा केला. त्याहून मोठा गदारोळ झाला तो ऑक्टोबर २०२२मध्ये, ‘ओव्हरवॉच २’च्या वेळी. जुना ‘ओव्हरवॉच’ २०१६पासून लोकांनी रोख पैसे देऊन घेतला होता. नवा आला, फुकट झाला आणि जुना बंद झाला. नव्यात शिरायला फोन नंबर हवा, तोही प्रीपेड चालणार नाही, असा नियम. अमेरिकेत प्रीपेड फोन बहुतेक करून कमी पैशांत भागवणाऱ्या घरांत असतो. पैसे भरून घेतलेला खेळ केवळ फोनची योजना स्वस्तातली आहे म्हणून हातचा गेला, आणि लोक खवळले. कंपनीने एका दिवसात माघार घेतली. ९ जून २०२१पासून पुढे कधीही खेळलेल्या जुन्या खेळाडूंना नंबराची अट काढून टाकली. नव्यांसाठी ती राहिली.

ती बातमी आमच्या मजल्यावर सगळ्यांनी वाचली. आपल्याकडे तर दहांतली नऊ कनेक्शनं प्रीपेड. शिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला इथे स्वतःच्या नावावर सिमच घेता येत नाही. म्हणजे भारतातल्या कुठल्याही मुलाने दिलेला नंबर कुणा मोठ्या माणसाचाच असणार. २०२१मध्ये आपल्याकडे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला, त्याने निदान हे मान्य करून मुलांकडे पालकांचा नंबर मागितला. आमच्याकडे तेवढंही नव्हतं. नंबर ज्याचा, खातं त्याचं, असं आमची यंत्रणा समजून चालायची.

मोठ्या माणसांचे नंबर बदलतात. नोकरी सुटली की कंपनीचं सिम परत करावं लागतं, रिचार्ज राहून गेला की नंबर बंद होतो. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. एका मुलीचं असंच झालं. वडिलांचा नंबर गेला, काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाकडे आला, आणि त्या माणसाने आमच्याकडे खातं उघडताना तो नंबर आपल्या नावे जोडून घेतला. मुलीचं तीन वर्षांचं खातं तिच्यासाठी बंद झालं. तिने मला सगळं सांगितलं होतं. कुठल्या महिन्यात खातं काढलं, पहिलं पात्र कोणतं घेतलं, कोणत्या मैत्रिणींबरोबर खेळते. खातं तिचंच आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण नियमात एकच पुरावा बसत होता, नोंदवलेल्या नंबरावरचा ओटीपी. मी तयार उत्तर चिकटवून तिकीट बंद केलं. तिने ते पुन्हा उघडलं. मी पुन्हा बंद केलं. त्या आठवड्यात माझा तिकिटामागचा सरासरी वेळ चांगला आला म्हणून माझं नाव फळ्यावर लागलं होतं. तिकीट वरच्यांकडे न्यायला हवं होतं, मी नेलं नाही. ते आजही माझ्या मनाला लागतं.

आणि ज्यांच्यासाठी हे कुलूप घातलं, ते फसवे? ते ठोकात नंबर विकत घेत. पैसे घेऊन दुसऱ्याची रँक वाढवून देणं हा ज्यांचा धंदाच आहे, त्यांना सिमचे चार पैसे म्हणजे किरकोळ भांडवली खर्च. अडले ते ज्यांच्याकडे पैसे नाहीत आणि नंबरही नाही.

एका तिमाही बैठकीत मी हे मांडलं. समोरून सरळ प्रश्न आला, ‘फोन नसलेली मुलं किती आहेत? आकडा द्या.’ प्रश्न रास्त होता. मी आकडा शोधायला बसले तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पहिली म्हणजे, नंबर मागणाऱ्या पानावरून जे परत जायचे, त्यांची मोजणी ‘रोखलेली संशयित खाती’ या मथळ्याखाली होत होती. कुणी मूल तिथून निघून गेलं की आमच्या तक्त्यात ते यश म्हणून चढायचं. दुसरी गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोर रोज होती. तक्रारीच्या फॉर्ममध्ये तिसरा रकाना मोबाइल नंबराचा होता, आणि त्याच्यापुढे लाल तारा. तो भरल्याशिवाय तक्रार पुढे सरकतच नसे. ‘माझ्याकडे फोन नाही’ हे सांगायलाही फोन लागत होता. आजीवाल्या मुलाने तक्रारीत आईचा नंबर टाकला होता, म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला. ज्याला तोही टाकता आला नाही, त्याचा आकडा मी आणणार कुठून?

उपाय काही आकाशातून आणायचे नव्हते. ‘ओव्हरवॉच २’मध्येच नव्या खेळाडूला कॉम्पिटिटिव्ह सामन्यांत शिरण्याआधी साधे ५० सामने जिंकून यावे लागायचं. वेळ हीसुद्धा किंमतच आहे, ठोकात खाती काढणाऱ्याला ती परवडत नाही आणि मुलाकडे ती असते. निन्टेन्डोमध्ये मुलाचं खातं पालकाच्या खात्याखाली उघडता येतं, मुलाच्या नावावर फोन असावा लागत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. माझी भीती एवढीच आहे की घाईत असलेली प्रत्येक कंपनी त्याचा अर्थ ‘अजून एक ओटीपी’ असा काढेल.

मोठी अट मी असेपर्यंत बदलली नाही. फॉर्मवरचा तारा मात्र निघाला. त्यासाठी अकरा ईमेल लिहावे लागले, आणि बदल करणाऱ्या मुलाला लागली चार मिनिटं. मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते.

तारा गेला त्या दुपारी रिकाम्या रकान्याचं पहिलं तिकीट आलं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचं. फोन तिथे चालत नाहीत, रविवारी कॉम्प्युटरच्या खोलीत तासभर बसू देतात. घरी एकच फोन, तो वडील शेतावर घेऊन जातात. तिने विचारलं होतं, रविवारी अकरा वाजता वडील फोनपाशी थांबतील, तेव्हाच ओटीपी पाठवता येईल का?

त्या रविवारी माझी सुट्टी होती. मी पावणेअकराला लॉग इन केलं.