कमी पाण्यावर फुलणारी कागदी डेझी

वाराणसीचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. गंगेला अर्पण होणारा झेंडू मूळचा अमेरिका खंडातील. परंतु आज त्याला परका कोण म्हणेल? त्याच सूर्यफूल कुळातील ऑस्ट्रेलियाची कागदी डेझीही आपल्या बागेत रुजू शकते. घाटामागील दाट वस्तीत अंगण दुर्मीळ, त्यामुळे बाग गच्चीवरच करावी लागते. तेथे ऊन प्रखर आणि पाणी मोजके असते.

रोपवाटिकांत ही वनस्पती ‘हेलिक्रायसम’ या जुन्या नावाने मिळते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हेंतेना यांनी १८०३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या रंगीत ‘पाकळ्या’ वस्तुतः फुलाभोवतीची कोरडी पत्रे होत. हवा दमट होताच ती मिटतात आणि ऊन पडताच उघडतात. ऑस्ट्रेलियाच्या शुष्क प्रदेशातील तिच्या काही वर्षायू भगिनी तर पाऊस पडताच उगवतात, झटपट फुलतात आणि कोरडा काळ बीजरूपाने काढतात.

दुष्काळ सोसणारी वनस्पती म्हणजे पाण्यावाचून जगणारी नव्हे. मुळे स्थिरावेपर्यंत नियमित पाणी द्यावेच लागते. कुंडीतील माती लवकर सुकते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र साचलेले पाणी तिला अधिक घातक ठरते. पावसाळ्यात मुळे कुजतात. म्हणून पाऊस ओसरल्यावर, साधारणतः ऑक्टोबरमध्ये, बी पेरणे श्रेयस्कर.

माती, वाळू व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण निचऱ्याच्या कुंडीत भरावे. बी उगवण्यास प्रकाश लागतो. ते मातीवर हलकेच दाबावे, झाकू नये. रोपांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर राखावे आणि दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी. वरची माती सुकली आहे, याची बोटाने खात्री करूनच सकाळी बुंध्याशी पाणी द्यावे. सुक्या पाल्याचे आच्छादन ओलावा टिकविते. ते खोडाला मात्र चिकटू देऊ नये.

मध्यभाग दिसण्यापूर्वी फुले तोडून सावलीत उलटी टांगल्यास ती वाळूनही अनेक महिने रंग राखतात. पाण्याचा प्रत्येक थेंब जपून खर्चावा लागणाऱ्या घरासाठी ही बाग म्हणजे अल्प गुंतवणुकीवरील दीर्घ मुदतीचा परतावाच होय.