शोधनिबंधांचे आवाहन वाचावे कसे?



मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण प्राध्यापिका थांबल्या होत्या. भाईंदरहून रोज लोकलने कॉलेजला जातात, तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांनी मोबाइल पुढे केला. एका दिवसात चार पत्रं, चारही ‘शोधनिबंध पाठवा’ म्हणणारी. त्यातली दोन विज्ञान-तंत्रज्ञान अभ्यासाची. त्यांनी विचारलं, “सर, यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं? आणि खरं असलं तरी ते माझ्यासारखीसाठी असतं का?” आजचं व्याख्यान म्हणजे या दोन प्रश्नांना उत्तर. दुसरा प्रश्न आम्हांला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तो घेऊ.

प्रथम हा अभ्यास म्हणजे काय ते पाहू. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एसटीएस’ म्हणतात. आपल्या लाल एसटीशी संबंध नाही! थॉमस कून यांनी १९६२ साली दाखवून दिलं की विज्ञान केवळ पुराव्यांची बेरीज करत पुढे जात नाही. वैज्ञानिकांचा समुदाय एका मान्य चौकटीत काम करतो आणि कधीतरी ती चौकटच बदलते. मग अभ्यासक त्या समुदायाकडेच पाहू लागले. ब्रुनो लातूर कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं जाऊन बसले. मानववंशशास्त्रज्ञ एखाद्या गावात राहून तिथले व्यवहार टिपतो, तसे त्यांनी वैज्ञानिकांचे व्यवहार टिपले. स्टीव्ह वूल्गर यांच्यासह लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९७९ साली आलं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका देतो, कुठली कोणाची ते ओळखा. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. प्रत्येकाकडे ४० पत्रिका होत्या. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आलं असतं. हे झालं विज्ञानाचं काम, आणि ते चोख झालं.

एसटीएसचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. तयारी दाखवलेल्यांपैकी २४ जण मागे का राहिले? निकाल प्रसिद्ध झाल्यावरही लग्न जमवताना पत्रिका मागितली जाते, तर मग लोकांच्या मनात ‘पुरावा’ या शब्दाचा अर्थ काय आहे? ज्योतिष खरं की खोटं हे इथे पुन्हा ठरवायचं नाही. ज्ञान समाजात कसं वावरतं, कोण त्यावर विश्वास ठेवतं आणि का, हे शोधायचं आहे.

आता आवाहनाकडे येऊ. कुठलंही खरं आवाहन उघडा. वर विषय, खाली दोन-तीन परिच्छेदांची पार्श्वभूमी, मग सुचवलेल्या मुद्द्यांची यादी, ‘याशिवाय इतर विषयांचेही स्वागत’ अशी पुस्ती, साधारण अडीचशे-तीनशे शब्दांचा गोषवारा, शेवटची तारीख आणि संपादकांची नावं. मोठ्या परिषदांमध्ये हे दोन टप्प्यांत चालतं. आधी ‘चर्चासत्रं सुचवा’ असं आवाहन येतं, मग निवडलेल्या सत्रांसाठी गोषवारे मागवतात.

आपली मुलं काय करतात? थेट यादीवर जातात. त्यातला एक मुद्दा उचलतात आणि त्याचेच शब्द वापरून गोषवारा लिहितात. आवाहनाची भाषा परत आवाहनालाच ऐकवतात. मन लावून वाचायचा असतो तो पार्श्वभूमीचा परिच्छेद. संपादकांचं कुणाशी तरी भांडण चाललेलं असतं आणि ते तिथे दिसतं. ‘आजवर असं मानलं गेलं, पण…’ हा ‘पण’ शोधा. आवाहनाचा जीव त्या ‘पण’मध्ये असतो.

नुसत्या शब्दांवर भाळलं की काय होतं, ते १९९६ साली अमेरिकेत दिसलं. न्यूयॉर्क विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकाला एक निबंध पाठवला. तो मुद्दाम निरर्थक लिहिलेला होता, पण संपादकांना आवडणारी परिभाषा त्यात ठासून भरली होती. तो विशेषांकात छापून आला आणि मग सोकल यांनीच दुसऱ्या मासिकात सगळं उघड केलं. छापण्याआधी तो भौतिकशास्त्राच्या जाणकाराला दाखवलेला नव्हता. काहींनी यावरून सगळा अभ्यासच टाकाऊ ठरवला. ते काही आम्हांला पटत नाही. आम्ही एवढाच धडा घेतो की परिभाषा म्हणजे विचार नव्हे. ती संपादकालाही फसवते आणि लिहिणाऱ्यालाही.

मग आपण काय लिहायचं? समजा, आवाहन आहे ‘उपग्रह-माहिती आणि स्थानिक ज्ञान’ या विषयावर. भाईंदर स्टेशनहून उत्तनची बस धरा. चौक, पाली, उत्तन, सगळीकडे बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून सुकत घातलेले बोंबील दिसतील. हे बोंबील प्रामुख्याने डोल जाळ्यात मिळतात. डोल ठरलेल्या जागी समुद्रात बांधलेली असते आणि भरती-ओहोटीचा ओढा तिच्यात मासळी आणून भरतो. म्हणून पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला ओढा जोरात, अष्टमीच्या सुमाराला भांग असते तेव्हा मंद. मच्छीमाराचं कॅलेंडर तिथीवर चालतं, आणि त्यामागे चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाचं साधं शास्त्र आहे.

दुसरीकडे, हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य मोजते आणि मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचा सल्ला देते. उपयुक्त काम आहे. पण तो सल्ला कोणता मच्छीमार गृहीत धरतो? मासळीच्या मागे बोट नेऊ शकणारा. डोलकर मासळीच्या मागे जात नाही, तिची वाट पाहतो. त्याने या सल्ल्याचं काय करायचं? बघा, हा प्रश्न कुठल्याही यादीत नव्हता. तो उत्तनच्या बंदरावर चार वेळा जाऊन, चार माणसांशी बोलून हाती येतो. त्या प्राध्यापिकेला आम्ही हेच सांगितलं. आवाहन तुमच्यासाठीच आहे, कारण इथे राहणाऱ्याला जे दिसतं ते लांबच्या संपादकाला दिसणं कठीण.

आता पहिला प्रश्न, खरं-खोटं. आठवड्यात छापून देतो म्हणणारा खोटा समजा. निबंध नीट तपासायला महिने लागतात. एकाच अंकात वाणिज्य, आयुर्वेद आणि संगणक असेल तर सावध व्हा. आयएसएसएन क्रमांक ही फक्त ओळख आहे, दर्जाची हमी नव्हे. पैसे मागितले म्हणजे खोटंच असं नाही, कारण काही चांगली नियतकालिकंही शुल्क घेतात. पण स्वीकृतीच्या पत्रासोबतच ‘आज भरा’ असा तगादा आला की थांबा. संपादक मंडळातल्या एखाद्याला साधं पत्र लिहून विचारा, “आपण खरंच या मंडळावर आहात का?”

हे आता आपल्यालाच करायचं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियतकालिकांच्या यादीसाठी ‘केअर’ ही व्यवस्था जाहीर केली होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पीएच.डी.साठी निबंध छापलेला असण्याची सक्तीही २०२२ च्या नियमांत राहिली नाही. सक्ती गेली, यादी गेली, उरला आपला विवेक.

आणि एक कबुली द्यायला हवी. २०१० नंतर बढतीसाठी निबंधांना गुण मिळू लागले, तेव्हा आम्ही अनेक समित्यांवर बसलो. निबंध मोजले, गुण दिले, सह्या केल्या. निबंध वाचले मात्र क्वचितच. आमच्या एका विद्यार्थिनीने पगारातून साडेचार हजार रुपये भरून एका भलत्याच नियतकालिकात निबंध छापला. विषय चांगला होता, पण तो कुणी वाचलाच नाही. तिला दोष देताना आमची जीभ अडखळते, कारण त्या बाजाराला गिऱ्हाईक आमच्यासारख्यांनी पुरवलं.

म्हणून एक विनंती. पुढचं आवाहन आलं की तीनशे शब्द लिहा, मराठीत लिहिलेत तरी चालेल, आणि पाठवण्याआधी दोन माणसांना वाचून दाखवा. एक त्या विषयातला जाणकार आणि दुसरा ज्याच्याविषयी लिहिलंय तो, म्हणजे आपल्या उदाहरणात डोलकर. तो म्हणाला, “असं नसतं हो सर,” तर तारीख चुकली तरी चालेल, निबंध पुन्हा लिहा. कुणी वाचायला नसेल तर आमच्याकडे आणा. आता आम्हांला वेळ आहे, आणि या वेळी आम्ही वाचू.