जुन्या संगणकासाठी विश्वासार्ह विद्युतपुरवठा संचाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

संगणक जुना झाला की बदलावा, हा सल्ला देणे सोपे असते. परंतु महाविद्यालयीन प्रयोगशाळांत असे काही संगणक असतात की ज्यांना पर्याय उपलब्ध नसतो. प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागातील एक स्पेक्ट्रोफोटोमीटर पेंटियम-३ संगणकाला जोडलेला आहे. उपकरण व संगणक यांमधील दुवा म्हणजे एक आयएसए कार्ड. तसा स्लॉट आजच्या सर्वसाधारण संगणकांत नसतो आणि त्या कार्डाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोज ९८ वर चालते. हा संगणक बंद पडला की उपकरण निकामी ठरते आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प अडून राहतात. अशा संगणकात सर्वांत आधी थकणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे विद्युतपुरवठा संच, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेला एसएमपीएस. त्याची निवड करताना कोणत्या बाबी पाहाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

थकव्याची लक्षणे

एसएमपीएसमध्ये २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती विद्युतदाब प्रथम एकदिश केला जातो व सुमारे ३२५ व्होल्टला मोठ्या कपॅसिटरमध्ये साठविला जातो. वीज गेल्यावर याच साठ्यावर संगणक क्षणभर तग धरतो. एटीएक्स प्रमाणकाच्या जुन्या आवृत्त्यांनुसार हा अवधी पूर्ण भारावर किमान १६ मिलिसेकंद असावा लागे. सर्वसाधारण ऑफलाइन यूपीएस बॅटरीवर जाण्यास काही मिलिसेकंद घेतो, म्हणून संच सुस्थितीत असल्यास वापरणाऱ्यास काहीच जाणवत नाही. कपॅसिटर सुकले की हा अवधी घटतो आणि यूपीएस चांगला असूनही वीज जाताच संगणक पुन्हा सुरू होतो. आमच्याकडे नेमके हेच घडत होते. तंत्रज्ञाने विंडोज दोनदा नव्याने टाकली, बॅटरीही बदलली. एसएमपीएसकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

वॅट नव्हे, अँपिअर

ग्राहक दुकानात ‘किती वॅटचा?’ असे विचारतो. जुन्या संगणकाच्या बाबतीत हा प्रश्नच दिशाभूल करणारा आहे. पेंटियम-४ च्या आगमनानंतर प्रक्रियकाला १२ व्होल्टच्या वाहिनीवरून वीज देण्याची पद्धत रूढ झाली. त्यापूर्वीचे बहुतेक मदरबोर्ड ती ५ व्होल्टवरून घेत. १ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम-३ ला ३० वॅटच्या आतच वीज लागते. मदरबोर्डवरील रूपांतरातील हानी धरली तरी ५ व्होल्टवर सात-साडेसात अँपिअर पुरतात. परंतु सुमारे ७० वॅटचा अ‍ॅथलॉन एक्सपी अशाच पद्धतीने चालविल्यास प्रक्रियकासाठीच १७ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. त्या काळातील चांगल्या ३०० वॅटच्या संचावर ५ व्होल्टपुढे ३० अँपिअर छापलेले आढळे. आजच्या ४५० वॅटच्या संचावर तेथे साधारणतः १५ ते २० अँपिअर असतात, कारण उरलेली सर्व क्षमता १२ व्होल्टकडे गेलेली असते. शिवाय ३.३ व ५ व्होल्टची एकत्रित मर्यादा निराळी छापलेली असते, तीही पाहावी.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. स्वस्त संचांत १२ व ५ व्होल्ट या दोन्ही वाहिन्यांचे नियमन एकत्र होते. जुना संगणक ५ व्होल्टवर भार टाकतो व १२ व्होल्ट जवळपास रिकामी ठेवतो. परिणामी ५ व्होल्ट खाली झुकतो आणि १२ व्होल्ट वर चढतो. ज्या संचांत १२ व्होल्टपासून ५ व ३.३ व्होल्ट स्वतंत्र परिवर्तकाने तयार होतात, त्यांत हा दोष जवळजवळ राहत नाही. किंमत जास्त पडली तरी असाच संच घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पांढऱ्या तारेचा प्रश्न

आमच्या विभागाने बाजारातून नवा संच आणून बसविला. संगणक सुरू झाला, परंतु कार्डाकडून येणारी सर्व मोजमापे निरर्थक होती. आयएसए स्लॉटच्या बी-५ या पिनवर उणे ५ व्होल्ट असावयास हवे होते. मल्टिमीटरने तेथे शून्य दाखविले. एटीएक्सच्या नंतरच्या आवृत्त्यांतून हा विद्युतदाब वगळण्यात आला आहे. जुन्या २० पिनांच्या जोडणीतील पांढरी तार ती हीच. बहुतेक संगणकांना तिची गरज नसते, पण आयएसए कार्डे वापरणाऱ्याने खरेदीपूर्वी हे तपासलेच पाहिजे. उणे १२ व्होल्टवरून ७९०५ या नियामकाद्वारे उणे ५ व्होल्ट मिळविता येतात. २४ पिनांची जोडणी २० पिनांच्या सॉकेटमध्ये बसणे ही त्या मानाने किरकोळ बाब आहे. जादा चार पिना बाजूला राहिल्या तरी चालते. मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील डेलच्या काही संगणकांत जोडणी दिसावयास एटीएक्सचीच, पण तारांचा क्रम वेगळा असे. तेथे सामान्य संच लावल्यास मदरबोर्ड जळू शकतो.

नवा की जुना?

त्या काळातील वापरलेला संच घ्यावा, तर अँपिअर योग्य मिळतात, पण कपॅसिटर थकलेले असतात. कपॅसिटरचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचे आयुष्य साधारणतः निम्मे होते. बंद, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये वर्षानुवर्षे चाललेल्या संचाची अवस्था यावरून कळावी. जाणकाराकडून कपॅसिटर बदलून घेणे हा मार्ग आहे. हे काम हौशी व्यक्तीने करू नये. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. मागील बाजूस ११५/२३० असा खटका असल्यास तो २३० वर आहे याची खात्री करूनच वीज द्यावी.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा एसएमपीएसचा नसून इमारतीच्या अर्थिंगचा असतो. संचातील फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसल्यास कॅबिनेट मुख्य विद्युतदाबाच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. नवा संच घेऊन हा दोष जात नाही.

आमच्या विभागाने अखेर मूळ संचच कपॅसिटर बदलून परत बसविला. स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू असताना लाल तारेवर ४.९७ व पिवळ्या तारेवर १२.१ व्होल्ट मिळाले. प्रमाणकाप्रमाणे ही मूल्ये अनुक्रमे ४.७५ ते ५.२५ आणि ११.४ ते १२.६ यांमध्ये असावी लागतात. नवा ४५० वॅटचा संच कार्यालयातील दुसऱ्या संगणकात चालू आहे.