अपयशानंतरची नवी उमेदवारी

परीक्षांचे निकाल लागले की घराघरांतून एक उपाय हटकून योजिला जातो. मुलगा नापास झाला की त्याची बॅट माळ्यावर जाते, मुलीची गाण्याची शिकवणी बंद होते, आणि ‘आता फक्त अभ्यास’ असे फर्मान निघते. स्पर्धा परीक्षेत दोन-तीनदा अपयश आलेला पदवीधर तर हे फर्मान स्वतःच स्वतःवर बजावतो आणि अभ्यासिकेतील त्याच खुर्चीवर, तीच पुस्तके पुढे घेऊन, पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून राहतो. बढती हुकलेल्या कारकुनाची गतही फारशी निराळी नसते. अपयश आले म्हणजे श्रम कमी पडले, तेव्हा बाकी सारे सोडून तेच श्रम दुप्पट करावयाचे, असे यामागील गणित आहे. वरकरणी ते बिनचूक वाटते. परंतु मनुष्याच्या मनाचा स्वभाव त्यात हिशेबात धरलेला नाही.

या संदर्भात इंग्लंडच्या इतिहासातील एक प्रसंग लक्षात घेण्याजोगा आहे. दार्दानेल्सच्या मोहिमेचे अपयश माथी येऊन १९१५ च्या मे महिन्यात विन्स्टन चर्चिल यांना ब्रिटिश आरमारखात्याचे मंत्रिपद सोडावे लागले. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते. हिंदुस्थानविषयीची त्यांची मते आपणांस कधीच मान्य होणारी नाहीत. पण त्या उन्हाळ्यात त्यांनी जे केले त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सरे परगण्यातील एका शेतघरात राहत असताना त्यांनी भावजयीला चित्र रंगविताना पाहिले आणि स्वतः कुंचला हाती घेतला. त्यापूर्वी त्यांनी चित्रकला कधी हाताळली नव्हती. पुढे आयुष्यभरात त्यांनी पाचशेहून अधिक चित्रे काढली. थकलेल्या मनाला नुसता आराम देऊन भागत नाही, त्याचा जो भाग झिजला असेल तो सोडून दुसऱ्या भागाला काम द्यावे लागते, असा विचार त्यांनी नंतर एका निबंधात मांडला. विटा रचण्याचाही त्यांना छंद होता.

इतक्या दूर जाण्याचे तरी कारण काय? २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, तेव्हा त्यांची बावन्न वर्षे पुरी होत होती. राजकारणाचे सारे दोर तुटलेले, प्रकृती मधुमेहाने पोखरलेली, आणि पुढे मंडालेच्या तुरुंगात असतानाच १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता आली. या काळात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याच तुरुंगात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला, याचा उल्लेख क्वचितच होतो. देशभर ज्यांच्या शब्दाला मान होता, असा पन्नाशी उलटलेला विद्वान परक्या भाषेची मुळाक्षरे आणि धातू घोकत बसतो, या घटनेचे महत्त्व ग्रंथलेखनाहून कमी मानण्याचे कारण नाही.

या दोन्ही उदाहरणांतील साम्य असे की, दोघांनीही नवशिकेपण पत्करले. अपयशाचा सर्वांत मोठा घाव आपल्या योग्यतेच्या जाणिवेवर बसतो. ज्या विषयात आपण हरलो त्याच विषयात दिवसरात्र वावरल्याने ती जखम भरत नाही. तबल्याचा पहिला बोल, पोहण्याचे पहिले हात किंवा कुंडीत लावलेले पहिले रोप यांना गुणपत्रिका नसते. तेथे चुकणे स्वाभाविक असते, आणि कालच्यापेक्षा आज थोडे अधिक जमले हे स्वतःलाच दिसते. प्रयत्नाला फळ येते हा विश्वास अशा लहानशा अनुभवांतून पुन्हा उगवतो, आणि तो घेऊनच मूळ कार्याकडे परतता येते. चर्चिल १९१७ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळात गेले. टिळक १९१४ मध्ये सुटले आणि १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली.

यावर कोणी म्हणेल की, ही तर पळवाट झाली. ही शंका रास्त आहे. कारण विसावा आणि पळवाट यांच्यातील अंतर थोडे असते. तासन्‌तास मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवीत राहणे हाही मन रमविण्याचाच प्रकार आहे. पण त्यात करावयाचे काहीच नसते, म्हणून हाती काही लागतही नाही. ज्या उद्योगात हातांना वा बुद्धीला थोडे कष्ट पडतात आणि जो ठरल्या वेळी बाजूला ठेवता येतो, तोच उपयोगी. त्याला पैसाही फारसा लागत नाही. मात्र ज्याची झोप आणि भूक उडाली आहे, ज्याला जगणेच नकोसे झाले आहे, त्याला छंदाचा उपदेश पुरणार नाही. त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

प्रश्न केवळ व्यक्तीचा नाही. मागे पडलेल्या मुलांचे चित्रकलेचे आणि खेळाचे तास काढून ते गणिताला देण्याची प्रथा कित्येक शाळांतून रूढ आहे. ज्या मुलाला गणितात रोज हार पत्करावी लागते, त्याला बरोबरीने उभे राहता येईल अशी जागाच आपण अशा रीतीने काढून घेतो. शिक्षकांनी हे तास तरी राखावेत. पालकांनी निकालानंतर माळ्यावर टाकलेली बॅट खाली काढावी. अभ्यासिका चालविणाऱ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना मैदानाकडे पिटाळावे. आणि ज्यांना रागावणारे आता कोणी उरलेले नाही, अशा प्रौढांनी स्वतःलाच ही मुभा द्यावी. उमेदवारी करण्याला वयाची अट नसते, आणि उमेद हा शब्दही तिच्यातच दडलेला आहे.