वाचनाची गोडी लावणारे लेखक

नगरात ग्रंथांविषयी बोलावयास उभे राहिले की वक्त्याची वाट आधीच आखलेली असते. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली. १९४४ साली येथील भुईकोट किल्ल्याच्या बंदिवासात पंडित नेहरूंनी पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. दोहोंचा आपणांस अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. पण मला आज विचारावयाचे आहे ते निराळे. आपणांपैकी किती जण या दोन ग्रंथांमुळे वाचक झाले? दहा-अकरा वर्षांचे पोर ताट निवत ठेवून, आईची हाक ऐकूनही न ऐकल्यासारखे करून पुस्तकाला चिकटून बसते, ते ज्ञानेश्वरीसाठी नव्हे. त्याला तेथे बसविणारा लेखक बहुधा असा असतो, की ज्याचे नाव मोठेपणी चारचौघांत घ्यावयास आपण जरा कचरतो.

माझ्यापुरते सांगावयाचे तर तो लेखक म्हणजे नाथमाधव. आमच्या घरी 'वीरधवल'ची एक प्रत होती. तिची पहिली सोळा पाने नव्हती. त्यामुळे ती कादंबरी माझ्यासाठी मध्येच, भर रात्रीच सुरू झाली. आरंभ मला वाचावयास मिळाला तो नोकरीस लागल्यावर, आणि खरे सांगतो, त्यात मी काही फारसे गमावले नव्हते!

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२ चा. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीस गेले असता कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला विरंगुळा राहिला तो वाचनाचा, आणि त्या वाचनातूनच पुढे लेखन आले. 'वीरधवल' १९१३ साली निघाली. पुढे 'स्वराज्याचा श्रीगणेशा' आदी शिवकालीन कादंबऱ्यांची माळच त्यांनी गुंफली. १९२८ साली ते वारले. ज्यांच्या वीरांनी दोन पिढ्यांच्या मुलांना घोड्यावर बसविले, ते स्वतः दुसऱ्याच्या हाताशिवाय जागचे हलू शकत नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

'वीरधवल'ला आधार होता रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा, आणि हा आक्षेप विद्वान नेहमी घेतात. रेनॉल्ड्स लंडनमध्ये पेनीला एक अंक या भावाने आठवड्याआठवड्याला गोष्टी विकणारा लेखक. त्याच्या देशातील वाङ्मयेतिहासात त्याला फारशी जागा नाही. आपल्याकडे मात्र त्याच्यावर अनेक भाषांतील वाचक पोसले. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मराठी कादंबरीला प्रौढत्व देणारे हरिभाऊ आपटे यांच्या १८८५ च्या 'मधली स्थिती'वरही त्याच रेनॉल्ड्सची छाया आहे. १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या, तीही रीत त्याच जातीची.

या क्रमशः छापण्यातच गोडीचे इंगित आहे. प्रकरण अशा जागी तोडावयाचे, की पुढच्या आठवड्यापर्यंत वाचकाला चैन पडू नये. पुढे त्याचे पुस्तक बांधले तरी ते तोड तसेच राहतात, आणि मूल 'आणखी एकच प्रकरण' म्हणत चारशे पाने ओलांडून जाते. एकदा चारशे पाने ओलांडली, की जाड ग्रंथाचे भय कायमचे जाते. दुसरे असे, की हे लेखक भरपूर लिहीत. एक पुस्तक संपले म्हणजे मूल वाचनालयात येऊन लेखकाचे नाव घेऊन विचारते, "यांचे आणखी आहे का?" माझ्या मते वाचक जन्मतो तो त्या प्रश्नापाशी.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. 'काळा पहाड' आणि 'झुंजार' यांची पुस्तके गणिताच्या पुस्तकात लपवून वाचलेली माणसे आज या सभागृहातही निघतील; त्यांतले काही निवृत्त मुख्याध्यापक असतील! भा. रा. भागवतांची गोष्ट थोडी वेगळी. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या या लेखकाने आपला बनेश फेणे काढला तो पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. साहस लंडनातच घडते असे नाही, फुरसुंगीच्या किडकिडीत पोरालाही ते घडते. मग कोपरगावच्या, शेवगावच्या पोराला का घडू नये?

चांगले पुस्तक गोडी लावीत नाही, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी काढू नये. लक्ष्मीबाई टिळकांचे बरेच आयुष्य याच नगरात गेले. लग्नानंतर अक्षर ओळखू लागलेल्या या बाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. कधी पुस्तक हाती न धरलेल्या बायकांना ती वाचून दाखविली, तर पुढचे ऐकण्यासाठी त्या स्वयंपाक उरकून येऊन बसतात, हे मी पाहिले आहे. त्यात कादंबरीची युक्ती कोणतीच नाही. बाई बोलतात तशा लिहितात, आणि स्वतःला हसतात, एवढेच.

आता गाऱ्हाणे. आपल्या जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ ची. इतकी जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्यात गावोगावी वाचनालये झाली हे भाग्यच. पण एका लहान गावच्या वाचनालयात, गावाचे नाव नको, मी एकदा बाद पुस्तकांचा ढीग पाहिला. फाटकी, कोपरे मुडपलेली, डाग पडलेली पुस्तके रद्दीत चालली होती. वर होते नाथमाधव, दातार, अर्नाळकर, भागवत. कपाटात मात्र सोनेरी अक्षरांचे संच कोरे करकरीत उभे होते. त्यांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. जे वाचले गेले ते फाटले म्हणून गेले, आणि जे कोणी उघडले नाही ते टिकले म्हणून राहिले. खरेदीची यादी करणाऱ्यांनी फाटलेल्यांच्या जागी तीच पुस्तके पुन्हा घ्यावयास हवी होती. पण 'असले काय पुन्हा घ्यावयाचे?' म्हणून ती घेतली गेली नाहीत.

मी त्या ढिगातून पाच पुस्तके मागून घेतली आणि बाइंडरकडे दिली. त्याने उलटसुलट पाहून विचारले, "शेवटची पाने नाहीत, चालेल?" मी म्हटले, चालेल, आमच्या घरी तर पहिली नव्हती.