अनोळखी माणसाची सोय

ओळखीच्या माणसाचा पाहुणचार हा देवघेवीचा भाग असतो. आज ज्याला जेवू घातले, त्याच्याकडे उद्या जेवायला जाता येते. ज्याचे गाव, घराणे, हेतू काहीच ठाऊक नाही त्याला पाणी, अन्न आणि निवारा देणे ही निराळी गोष्ट आहे. त्यात परतफेडीची खात्री नसते आणि थोडा धोकाही असतो. त्यामुळे ती यजमानाच्या लहरीवर न सोडता बहुतेक धर्मांनी तिला कर्तव्याचा दर्जा दिला.

वैदिक परंपरेत गृहस्थाच्या पाच महायज्ञांपैकी एक अतिथीसाठी आहे. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो आणि घरी परतलेला यम प्रत्येक रात्रीच्या बदल्यात त्याला एक वर देतो. अतिथीला उपाशी ठेवण्याच्या दोषातून मृत्यूची देवताही सुटत नाही. बायबलमध्ये अब्राहाम दारी आलेल्या तीन परक्यांना सामोरा जाऊन जेवू घालतो. इस्लामी परंपरेत पाहुण्याच्या सरबराईची मुदत तीन दिवसांची आहे. मात्र नियम आला की त्याला अपवादही येतात. मनुस्मृतीत अतिथीचा सत्कार थोर मानला आहे, पण ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय तिथे अतिथी ठरत नाही आणि वैश्य-शूद्रांना नोकरांबरोबर जेवू घालावे असे सांगितले आहे.

घरचा पाहुणचार एक-दोघांना पुरतो. वाटसरूंची वर्दळ वाढली की कायमची सोय लागते. महाराष्ट्रात तिचा फार जुना लेखी पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरवलेल्या लेखात भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि सोपारा येथे बांधलेल्या निवाऱ्यांचा उल्लेख आहे. विहिरी व तळी खोदल्याची आणि तापीसह अनेक नद्यांवर फुकट नावांची सोय केल्याचीही त्यात नोंद आहे. ही सारी गावे व्यापारी मार्गांवरची आहेत.

छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की हे अशा व्यवस्थेचे आजही पाहता येणारे उदाहरण. नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर मध्य आशियातील बुखारा परिसरातून येथे आले. ते स्वतःच परके होते. त्यांच्या खानकाहचा, म्हणजे सूफी मठाचा, परिसर सतराव्या शतकाची अखेर आणि अठरावे शतक या काळात टप्प्याटप्प्याने उभा राहिला. डोंगराकडचे पाणी काही किलोमीटर जमिनीखालच्या नहरीतून आणून उंचावरून सोडले जाई आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरे. या पिठावर खानकाहातील शिष्य, यात्रेकरू आणि गोरगरीब जेवत. रोज येणाऱ्या अनोळखी माणसांसाठीचे दळण माणसांच्या हातांवर न ठेवता पाण्यावर सोपवले होते.

मराठवाड्यात अन्नदानाच्या इतर परंपराही टिकून आहेत. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाला वाढल्याची कथा घरोघर सांगितली जाते. पंढरीच्या वाटेवरची गावे वारकऱ्यांना जेवू घालतात. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कोणाचीही जात वा धर्म न विचारता सर्वांना एका पंगतीत बसवतात.

तरीही पंगतीची गोष्ट पाणवठ्यावर येऊन अडत असे. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असता वाटेत दौलताबाद किल्ल्यापाशी थांबले. तिथल्या हौदातील पाण्याने प्रवासाची धूळ धुतली, एवढ्यावरून स्थानिक मुसलमान त्यांच्यावर चालून आले. पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला गेला. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवला आहे. त्याआधी 1917 साली बडोद्यात अस्पृश्य म्हणून त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले होते. पुढे 1950 मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पाणचक्कीच्याच शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

परक्याची सोय दयेतून व्हावी की हक्क म्हणून, हा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1795 मध्ये शाश्वत शांततेवरील निबंधात सोडवायचा प्रयत्न केला. पृथ्वी गोल आणि मर्यादित असल्याने माणसांना एकमेकांना सहन करावेच लागते. म्हणून शत्रूसारखी वागणूक न मिळणे हा परक्याचा हक्क ठरतो. कायमचा पाहुणा होण्याचा हक्क त्याला नाही, पण परत पाठवल्याने त्याचा जीव जाणार असेल तर त्याला परत पाठवता येत नाही. विसाव्या शतकात जाक देरिदा याने यातला पेच दाखवला. आतिथ्य खरे असेल तर त्याला अट नसावी, पण अट घातल्याशिवाय कोणतेही घर वा राज्य चालत नाही.

हा पेच छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात रोजचा आहे. जालना रस्त्यावरच्या या गावाजवळ विमानतळ आणि औद्योगिक वसाहत आली. अजिंठा-वेरूळला जाणारा पर्यटक इथे उतरतो आणि परगावचा कामगार इथेच खोली शोधतो. पहिल्याच्या स्वागताला हॉटेले आहेत. दुसऱ्यासाठी 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर निवाऱ्याची जबाबदारी टाकली होती. तिची परीक्षा करोनाकाळातील टाळेबंदीत झाली. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर घराकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने चालत निघाले आणि चिकलठाण्याच्याच रेल्वेमार्गावर करमाडजवळ दमून रुळांवर झोपले. 8 मे 2020 च्या पहाटे मालगाडीखाली त्यांतील 16 जण ठार झाले.

पाणचक्की बांधणाऱ्यांनी परका येणार हे गृहीत धरून पाणी आणि धान्याची तजवीज आधीच केली होती. आजच्या औद्योगिक शहरांनीही कामगारांच्या वस्त्या, पाणी आणि संकटकाळातील अन्न यांची तरतूद तशीच आधी करायला हवी. ती यजमानाच्या दयेवर राहिली, तर गरजेच्या दिवशीच अपुरी पडते.